लाकडी पेटीतला कॉम्प्युटर

“लाकडात घालणार? घाला. पण पेटलं तर माझ्याकडं यायचं नाही.”

बारामतीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याचं हे वाक्य. साल नव्वदच्या दशकातलं, मधलं कुठलंतरी. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो आणि माझ्या हातात वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या उघड्या कॉम्प्युटरचं खोकं होतं. तो गल्ल्यामागे बसून हसत होता. पुढे कितीतरी महिने मी त्या वाक्याला इतका घाबरून राहिलो की ते बोलणाऱ्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. तो रस्त्यात दिसला तर मी वाट बदलत नाही. तोच बदलतो.

भांडण कॉम्प्युटरच्या भावावरून झालं. आमचं मूळ गाव वरकुटे. वडिलांच्या तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती, नंतर ती गेली आणि शेती उरली. पण जनावरांच्या बाजारात बसायची वडिलांची सवय गेली नाही, आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून तिथेच शिकलो. टॉवेलखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा आणि तोंडाने भलतंच काहीतरी बोलत राहायचं. या एका विद्येवर मी जुन्या सायकली घेतल्या-विकल्या, मोटारी घेतल्या-विकल्या, शेवटी जुने टाइपरायटर घेऊन भवानीनगरला टायपिंगचा क्लास काढला. तिथल्या साखर कारखान्याच्या वसाहतीतली पोरंपोरी शिकायला यायची. पुढच्या खोलीत क्लास आणि मागच्या खोलीत आम्ही : बायको, आई आणि नुकतीच रांगायला लागलेली मुलगी.

पण टाइपरायटरचे दिवस भरत आले होते. वसाहतीतले बाप विचारायला लागले होते, “कॉम्प्युटर कवा आणताय?” तो आला नाही तर वर्षभरात क्लासला कुलूप लागलं असतं, आणि पुन्हा वरकुट्याला जाऊन भावकीसमोर उभं राहण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी बारामतीला त्या दुकानात गेलो. दोनदा पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने परत बोलावलं. तिसऱ्या वेळी तो माझ्या भावाला आला. मी खुशीत म्हणालो, “शेठ, आमी बाजारात वाढलोय. आमाला भाव शिकवू नका.”

तो उठला. एकेक भाग काढून गल्ल्यावर मांडत गेला. बोर्ड, डिस्क, फ्लॉपीचा ड्राइव्ह, कीबोर्ड, मॉनिटर. मग हात झटकून बसला.

“आन् पेटी?” मी विचारलं.

“कॅबिनेट वेगळं.”

“वेगळं म्हंजी? हे काय टोपलीत घालून चालवू?”

“आता तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “तुम्ही बाजारात वाढलाय. जनावर विकलं की गिऱ्हाइकाला दावं देता का?”

दुकानात बसलेली दोन-चार माणसं खो खो हसली. आमच्याकडे जनावर विकलं की त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घ्यायची रीत आहे. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मी स्वतः किती गिऱ्हाइकांच्या समोर दावी सोडून खांद्यावर टाकली होती. आता माझंच दावं माझ्या गळ्यात.

“न्हाय देत,” मी म्हणालो.

“मग झालं तर. पेटीला दावं समजा.”

वर उपकार म्हणून एका मोडक्या कॅबिनेटमधला एसएमपीएस त्याने मला दिला. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, त्याच्या पाठीवर छोटा पंखा असतो. त्याचं बटण कुणीतरी काढून घेतलेलं होतं, नुसत्या तारा लोंबत होत्या. माझं डोकं सरकलं. “ठेव तुझी पेटी,” मी म्हणालो, “मी लाकडाची करीन.” हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. रागात तोंडातून निघालं आणि निघालं म्हणून ते करणं भाग पडलं. त्यावर तो ते पेटण्याचं बोलला.

भवानीनगरात एक म्हातारे सुतार होते. दारं, पाट, ट्रॉलीच्या फळ्या असली कामं करायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. कारखान्यात मशिनरी ज्या खोक्यांतून येते त्यांतल्या फळ्या मी भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणल्या होत्या. त्या तात्यांसमोर टाकल्या.

“काय करायचं म्हनला?”

“पेटी. कॉम्प्युटरची.”

“झाकण वर का म्होरं?”

“बाजूला. आन् माघं भोकं पाडा, भरपूर. हवा खेळली पायजे.”

“मंग खुराडं म्हना की सरळ.”

त्यांनी फळीवर नख ओढलं, नाकाशी नेलं. “देवदार हाय. राळ भरलीया निस्ती. बंबाला घाला, पानी झटक्यात तापंल.”

ते गंमतीत म्हणाले. मला मात्र बारामतीवाल्याचं वाक्य आठवलं. दुसरं लाकूड घेता आलं असतं, पण भंगारवाल्याशी एवढं भांडून आणलेल्या फळ्या टाकून देणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी तेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून सपाट केला आणि पेटीच्या आतल्या बाजूंना तो पत्रा मारला. म्हटलं, लाकडाला धग लागणार नाही. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून जुन्या स्लिपरच्या रबराच्या चकत्या कापून त्याच्याखाली ठेवल्या. मागे बोर्डावरची कार्डं अडकवायला अॅल्युमिनियमची पट्टी लावली. बटणाच्या जागी भिंतीवरच्या बोर्डात असतं तसं साधं घरगुती बटण बसवलं, खाली केलं की चालू, वर केलं की बंद. तात्यांनी आपल्या मनाने कडेला नक्षीची पट्टी मारली आणि झाकणाला कडी लावून दिली.

“कडी कशाला, तात्या?”

“आतनं कायतरी भाईर आलं तर?”

बटणाच्या तारा जोडायला वसाहतीतला एक वायरमन आला. पत्रा बघून तो म्हणाला, “झ्याक केलंत. आता आग न्हाय लागली तर शॉक तरी बसंल.” तारा जोडून झाल्यावर तो हात पुसत दारापर्यंत गेला आणि म्हणाला, “दाबा.”

“तू दाब की.”

“पेटी तुमची हाय.”

मी तोंड फिरवून, डोळे मिटून बटण खाली केलं. आत पंखा घरघरला, पेटीतून ‘टुक’ असा आवाज आला आणि मॉनिटरवर अक्षरं उमटली. बायकोने टाळ्या वाजवल्या. मी आधी पेटीचा वास घेतला.

क्लास चालला. लांबून लोक पेटी बघायला यायचे, कोंबडी कुठं बसती म्हणून विचारायचे, मी पण हसायचो. पण कॉम्प्युटर चालू असेपर्यंत माझं नाक त्या पेटीपाशी असायचं. घटकाघटकाला मी तिच्या कुशीवर हात ठेवून बघायचो. क्लासच्या पोरी आपसांत म्हणायच्या, सर पेटीचा ताप बघतात. कुणाच्या घरी भाजी करपली तरी मी इकडे मेन स्विचकडे धावायचो.

ही भीती नुसती त्या दुकानदाराने घातलेली नव्हती. मी लहान असताना वरकुट्यात आमच्या वाड्याला लागून असलेली कडब्याची गंज पेटली होती. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची काटेरी कुंपणाची जागा. मला ज्वाळा फारशा आठवत नाहीत. आठवतो तो आवाज. आग दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, कुणीतरी कोरडी पानं तुडवत येतंय असा. आणि मग कोकरांचा आवाज. वडिलांनी कुंपण मोडून मेंढरं बाहेर काढली, बरीचशी. राहिली त्यांचं घरात कुणी कधी बोललं नाही. आता माझी पेटी जिथे ठेवली होती त्या भिंतीच्या पलीकडे मुलीचा पाळणा होता, आणि मागच्या खोलीतून बाहेर पडायचा रस्ता त्या पेटीवरूनच जात होता.

म्हणून मी घरात नियम केला : बटणाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. एकदा आई ओल्या हाताने पेटी पुसायला गेली आणि तिचा हात बटणाच्या जवळ गेला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पाळण्यातली मुलगी दचकून उठली आणि शेजारचे दारात आले. आई हात मागे घेऊन गुमान आत गेली. त्यानंतर ती बटणाकडे बघतसुद्धा नसे.

मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. हंगामात भवानीनगरला काजळी पडते. चिमणीतून उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या भांड्यांवर, डोक्यावर काळी भुरभुर बसते. पेटीला मागे भोकं. बायकोने आपली जुनी नायलॉनची साडी क्लास सुटल्यावर तिच्यावर टाकायला काढली. आईने ती उचलून बाजूला ठेवली.

“ह्यातनं समदी काजळी गळती. थांब.”

तिने ट्रंकेतून वडिलांचं घोंगडं काढलं. वडील गेल्यापासून ते कुणी अंगावर घेतलं नव्हतं. आमच्याकडे जे जपायचं ते घोंगड्यात. पावसात भिजलेलं कोकरू घोंगड्यात, बाळंतिणीच्या पाठीमागे घोंगडं, देवाचा टाक घोंगड्यावर. आईने पेटीवर ते चारी बाजूंनी घट्ट खोचलं, जमिनीला टेकेपर्यंत, आणि म्हणाली, “आता बग कशी ऊबंत हाय.”

बंद पेटीला ऊब दिली तर माझी काही हरकत नव्हती. रोज क्लास सुटला की मी बटण वर करायचो आणि आई घोंगडं घालायची. असं ते बसून गेलं.

पुढे एसएमपीएसचा पंखा कुरकुरायला लागला. मधेच अडकायचा, पेटीला थापट मारली की फिरायचा. मला घास गोड लागेना. बाजाराच्या दिवशी दुपारी क्लास चालू असतानाच वीज गेली. पोरी घरी गेल्या. बायको पिशव्या घेऊन बाजाराला निघाली. मी म्हटलं, वीज नाहीच आहे, तर तेवढ्यात बारामतीला जाऊन त्या माणसाकडून दुसरा पंखा वसूल करून आणू. मोपेडला किक मारली. निघताना आई घोंगड्याची घडी उलगडत होती, ते मी पाहिलं.

बारामतीतही वीज नव्हती. दुकानदार सदऱ्याची बटणं सोडून पुठ्ठ्याने वारा घेत होता.

“या, या. पेटी काय म्हणते? अंडी देते का?”

“पंखा बदलून दे.”

“फुकट दिलेल्या वस्तूची गॅरंटी मागताय?”

“फुकट? पेटी खाल्लीस माझी!”

आवाज चढत गेले. मी गल्ल्यावर मूठ आपटायच्या बेतात होतो, एवढ्यात दुकानातल्या ट्यूब लुकलुकल्या आणि छताचा पंखा फिरायला लागला. आणि भिंतीकडेला मांडलेले त्याचे कॉम्प्युटर, कुणीही हात न लावता, एकामागून एक बोलले : टुक, टुक, टुक. पडदे उजळले.

दुकानदार कौतुकाने म्हणाला, “बघा. चालू ठेवून वीज गेली की हे असं. आली की आपले आपण उठतात.”

इकडे आली म्हणजे भवानीनगरलाही आली असणार. वीज गेली तेव्हा क्लास चालू होता. पडदा काळा झाला, पंखा थांबला, म्हणून सगळ्यांनी पेटी बंद झाली असं धरलं. मीही. बटण वर कुणी केलं नव्हतं. ते खालीच होतं. आणि वरून घोंगडं, चारी बाजूंनी खोचलेलं.

“फोन,” मी म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन पुढे सरकवला. आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. घंटी वाजत राहिली. बाजाराचा दिवस, दुकान बंद असणार हे मला ठाऊक होतं, तरी मी कानाला लावून उभा राहिलो.

“पेटी चालू राहिली का?” त्याने हळूच विचारलं.

मी मोपेडकडे धावलो. निघालो.

हंगामात त्या रस्त्याने जाणं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागून सरपटणं. एक ओलांडावी तर पुढे दुसरी, तिच्यापुढे बैलगाड्या. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. लोक शिव्या देत होते, मला ओठ हलताना दिसत होते फक्त. जळोची मागे पडली तसा धूर दिसायला लागला. एक उजवीकडे : कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. एक लांब, काळा, सरळ : गुऱ्हाळ असेल. तिसरा त्याच्याही पलीकडे, भवानीनगरच्या अंगाला. तो कारखान्याच्या चिमणीचा, हे मी स्वतःला सांगत होतो. चिमणीचा धूर रोजच असतो. पण त्याच्या शेजारी आणखी एक करडी रेघ मला दिसायची आणि पापणी लवली की नाहीशी व्हायची. हातावर काजळीचा एक तुकडा येऊन पडला. तो गार होता. एरवी मी झटकला असता. मी तो बोटाने चुरून त्याचा वास घेतला.

पाचटातून जात असल्यासारखा चरचर आवाज माझ्या कानांत सबंध वाटभर येत होता. मोपेडच्या चाकाखाली उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा पाला, येत होती, एवढंच असेल ते.

गल्लीत वळलो तर गल्ली शांत. घराचं छप्पर जागेवर होतं. समोरच्या लिंबाखाली आई बसलेली, मुलगी तिच्या मांडीवर. मी गाडी तशीच टाकली.

“आत नगं जाऊ,” आई उठत म्हणाली. “ती पेटी कण्हतीया. मगाधरनं. आन् वास मारतीया.”

“मग बटण का न्हाय बंद केलंस?”

“तू म्हनला हुतास न्हवं, हात लावायचा न्हाय.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलीच्या टकुच्याची नाडी बांधत होती. “लेकराला उचाललं आन् भाईर आले.”

मी आत गेलो. खोलीत धूर नव्हता, पण डोळे झोंबणारा, कडवट-गोडसर वास गच्च भरला होता. आधी मेन स्विच पाडला. मग पेटीचं बटण वर केलं. मग घोंगडं ओढलं. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं ते तापलं होतं. कडीला हात लावला तर चटका बसला. झाकण उघडलं. पंखा अडकून पडलेला. एसएमपीएसच्या मागचा पत्रा निळा-काळा झालेला, आणि त्याच्यामागे फळीतली राळ वितळून तुपासारखी ओघळली होती. एका गाठीपाशी लाकूड आतून कोळसा झालं होतं. ज्वाळा नव्हती. घोंगड्याला त्याच जागी तळव्याएवढा करपट डाग पडला होता आणि मधे एक भोक.

मेंढपाळाच्या घोंगड्याला अशी भोकं असतातच. शेकोटीची ठिणगी पडते, लोकर तेवढ्यापुरती जळते आणि विझते. लहानपणी वडिलांच्या कुशीत झोपताना मी त्या भोकांतून चांदण्या बघायचो. तिथे नायलॉनची साडी असती तर काय झालं असतं, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. पण त्या घोंगड्यानेच पेटीचा श्वास कोंडला होता, हेही खरंच.

मी पेटी उचलून अंगणात नेली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतायला गेलो, मग आत बोर्ड आहे हे आठवून थांबलो. तिच्याशेजारीच खाली बसलो. बायको बाजारातून आली तेव्हा मी तिथेच फळीची भोकं आणि गाठी चाचपत होतो. तिने विचारलं, “काय शोधताय?” मी करपलेल्या गाठीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. एसएमपीएस गेला होता, बोर्ड वाचला होता. म्हणालो, “पत्र्याचं कॅबिनेट दे. नवं. आतल्या डब्यासकट.”

त्याने भाव सांगितला. चढाच सांगितला, मी उतरवणार हे धरून. मी पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. तो ते उचलेना.

“भाव करा की.”

“नको.”

“अहो, करा. असं नका करू.”

“बांध.”

या वेळी दुकानात कुणी हसलं नाही. त्याने कॅबिनेट स्वतः खोक्यात घातलं, सुतळीने उभं-आडवं बांधलं, धरायला वर फास केला आणि माझ्या हातात देताना म्हणाला, “दावं राहू द्या त्याला. ते तुमचंच.”

हा टोमणा होता की आणखी काही, हे मी ठरवू शकलेलो नाही. मी तो टोमणा धरला आणि तसाच धरून ठेवलाय.

घरी नवं कॅबिनेट टेबलावर चढलं. त्याला समोर चौकोनी बटण होतं, दाबलं की आत जाऊन चालू, पुन्हा दाबलं की बाहेर येऊन बंद. चार-दोन दिवसांनी क्लास चालू असताना पुन्हा वीज गेली. मी खुर्चीतून उठणार तेवढ्यात आई मागच्या खोलीतून आली. हात पदराला नीट पुसले, कोरडे आहेत का पाहिलं. टेबलाजवळ जाऊन एका बोटाने तिने बटण दाबलं, आणि माझ्याकडे न बघता खांदे आखडून उभी राहिली, ओरडा यायचा आहे अशी.

“दाबलं बरं का,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हणालो.

घोंगडं न घालताच ती आत गेली. ती गेल्यावर मी उठलो आणि बटण बाहेर आलंय ना, ते वाकून पाहिलं. मग बोटाने चाचपून पाहिलं. वीज गेली की आजही मी ते करतो, कुणाच्याही घरी असलो तरी.